शनिवारचे ओरखडे

पहिला ओरखडा दिसला तेव्हा मला वाटलं केस पडलाय. ओल्या फडक्यानं पुसला, जाईना. चष्मा लावून वाकून बघितलं तर शेगडीच्या काचेवर डाव्या गोलाच्या कडेला बोटभर लांबीची पांढरी रेघ. नख फिरवलं, तर नख अडकलं. आणि मी भ्याले, कारण ती रेघ कधी ओढली गेली ते मला काही केल्या आठवेना.

तुम्ही म्हणाल, शेगडीवर एक रेघ पडली तर एवढं भिण्यासारखं काय आहे त्यात. मलाही कुणी सांगितलं असतं तर मी हेच म्हणाले असते, आणि वर दोन शब्द जास्तीचे सुनावले असते. म्हणून आधीचं सांगते.

मी दया. बेलापुरात आमचं चार खोल्यांचं घर आहे, चर्चपासून पाच मिनिटांवर. तीस वर्षं मी अंगणवाडी चालवली. आमचे हे, कृपादान, साखर कारखान्यात फिटर होते, त्यांना रिटायर होऊन चौदा वर्षं झाली. एकुलती एक लेक शॅरन, ती पुण्यात बँकेत आहे. तोंडानं मी फटकळ आणि हे शांत, त्यामुळं लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली तरी आमच्या घरात भांडण मी एकटीच करते.

जूनमध्ये एका सकाळी मी मागच्या दारी कपडे वाळत घालत होते. जळका वास आला. म्हणलं, शेजारी रेश्मानं काही करपवलं असेल, तिचं लक्ष नेहमी मोबाईलमध्ये. मग धूर दिसला तो आमच्याच खिडकीतून. धावले. गॅसवर दुधाचं पातेलं, दूध केव्हाच आटून कोळसा झालेलं, बूड लाल, आणि खिडकीचा पडदा खालून पेटलेला. मी पडदा ओढून पायानं विझवला. तळपायाला फोड आले ते महिनाभर पुरले.

दूध ठेवलं कुणी? घरात माणसं दोनच. ह्यांना विचारलं, तर पेपरातून मान वर करून म्हणाले, "मी न्हाई बुवा." ह्यांनी उभ्या जन्मात खोटं बोललेलं मला ठाऊक नाही. मग उरले मी. आणि मला तर दूध ठेवल्याचं आठवतच नव्हतं. पाय भाजला त्याचं काही नाही, पण ही गोष्ट मनातून जाईना.

कारण माझी थोरली बहीण पुष्पावती. तिचंही दुधापासूनच सुरू झालं होतं. मराठी शाळेत हेडमास्तरीण होती ती, साऱ्या गावाचे पाढे पाठ करून घेतलेली बाई. आधी दूध विसरायला लागली, मग घराची वाट, मग पोरांची नावं. पोरांनी शेवटी तिला म्हाताऱ्या माणसांच्या एका होममध्ये नेऊन ठेवलं. तिथं बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या अंगाला. मी भेटायला गेले तर तिचा उजवा हात ओढणीनं खाटेला बांधलेला. गाठ सैल होती, लागू नये अशी. तिथली बाई म्हणाली, पडतात हो आजी, म्हणून बांधतो. पुष्पावती माझ्याकडं बघून हसली आणि म्हणाली, "तुमी कुणाच्या गं?" तेव्हा ती सहासष्टची होती. मी ह्या वर्षी सहासष्टची झाले.

रेश्मानं शॅरनला फोन केला, आणि शॅरन दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन आली. जळका पडदा हातात धरून उभी राहिली. माझी पोर वाईट नाही. भ्याली होती, म्हणून कठोर बोलली. म्हणाली, "मम्मी, ही एक वेळ झाली. परत असं काही झालं तर मी तुझं ऐकणार नाही. पप्पांना मी माझ्याकडं नेईन आणि तुझ्यासाठी तिथं जवळच एखादं चांगलं होम बघीन. रोज भेटायला येईन. पण तुम्हाला इथं असं जळायला सोडणार नाही." तिच्या घरात दोन खोल्या, नवरा, दोन पोरं आणि सासू. तिचा हिशेब मला कळत होता. पण चव्वेचाळीस वर्षं ज्या माणसाच्या घोरण्यावर मी झोपले, तो एकीकडं आणि मी खाटेला बांधलेली दुसरीकडं, हे डोळ्यांपुढं आलं. मी फक्त म्हणलं, "बरं."

तिनं गॅसची टाकी उचलून गाडीत घातली आणि ही इंडक्शन शेगडी ओट्यावर बसवून दिली. काळी कुळकुळीत काच, तिच्यावर दोन गोल. भांडं उचललं की आपोआप बंद होते, विसरलं तरी बंद होते. जाताना फ्रीजवर चिठ्ठी लावून गेली. काच गार झाल्याशिवाय पुसायची नाही. मऊ फडकं, तारेची घासणी नाही. पावडर नाही, राख नाही. भांडं ओढायचं नाही, उचलून ठेवायचं, आणि ठेवायच्या आधी बूड पुसायचं, कारण बुडाखाली वाळूचा एक कण असला तरी रेघ पडते.

मी म्हणलं, "बाई गं, पाळण्यातल्या पोराचं पण एवढं करीत न्हाईत."

"ओरखडा पडला की तिथून काच तडकते, मम्मी. तडकली की पाणी आत जातं आणि शॉक बसतो." मग माझ्याकडं नीट बघून म्हणाली, "दर रविवारी मी व्हिडिओ कॉल करीन. काच दाखवायची. काचेवरूनच मला कळेल घर कसं चाललंय ते."

झालं. त्या दिवसापासून ती काच म्हणजे माझी परीक्षा झाली.

आणि मी ती डोळ्यांत तेल घालून सांभाळली. ह्यांचे जुने मऊ बनियन फाडून फडकी केली, ती वेगळी धुतली, वेगळी वाळवली. कुकर दोन्ही हातांनी उचलून ठेवायचा, मग माझी कंबर काही का म्हणेना. पाक सांडला तर घट्ट व्हायच्या आत टिपायचा. सगळं गार झालं की व्हिनेगरचे चार थेंब, आणि कोरड्या फडक्यानं असं पुसायचं की वाकून बघितलं तर तोंड दिसलं पाहिजे. जुलै गेला, ऑगस्ट गेला, काचेवर डाग नाही. रविवारी शॅरन म्हणायची, "वा मम्मी." आणि मी पुढचा आठवडा श्वास घ्यायला मोकळी.

मग सप्टेंबरात ती पहिली रेघ. शनिवार होता. शनिवारी दुपारी आम्ही बायका चर्च झाडायला, फुलं लावायला जातो. तिथून येऊन चहा ठेवायला गेले तर ही रेघ. मी सकाळी कुकर ओढला असेल का? पोळ्यांचा तवा पुसायचा राहिला असेल का? आठवून आठवून डोकं दुखायला लागलं. रविवारी मोबाईल जरा लांबून धरला. शॅरनच्या लक्षात आलं नाही.

पुढच्या शनिवारी एक नव्हे, मूठभर ओरखडे. गोल गोल, भांडं घासावं तसे. टच करायची बटणं असतात तिथं काचेच्या कडेच्या खोबणीत राखाडी कण अडकले होते. कुकर ओढून असे गोल उमटत नाहीत. हे कुणीतरी बसून, जोर लावून घासलेलं होतं. आणि ह्या घरात भांडी घासणारी कोण? मीच.

तेव्हा मी खरी भ्याले. एक वस्तू विसरणं वेगळं. आपण उभं राहून, हात चालवून, एवढा वेळ काहीतरी करावं आणि त्याचा मागमूस डोक्यात राहू नये, म्हणजे माझ्या आत दुसरीच कुणी बाई राहायला आली की काय? पुष्पावती पण अशीच नुसता परकर नेसून रस्त्यावर गेली होती, आणि घरी आणल्यावर म्हणाली होती, मी कुठं गेले, मी तर इथंच बसलीय.

मी घरातल्या तारेच्या घासण्या गोळा केल्या आणि कचरागाडीत टाकल्या. दोन होत्या, एक नवीकोरी. त्याच्या पुढच्या शनिवारी आणखी ओरखडे.

मग मी स्वतःवर पाळत ठेवायला लागले. सकाळी उठलं की अंगणवाडीच्या पहिल्या वर्षीच्या पोरांची नावं म्हणायची, सतराच्या सतरा. स्तोत्रं म्हणायची. काल कुठली भाजी, परवा कुठली. सगळं बरोबर यायचं. पण बरोबर येतंय हे ठरवणार कोण, मीच ना? पुष्पावतीलाही शेवटपर्यंत वाटत होतं की तिचं बरोबर आहे आणि बाकीचे चुकतात.

आणि खुणा तर रोज दिसत होत्या. हे दुपारी विचारायचे, "शॅरन कधी येणार हाय गं?" मी सांगायची, नाताळाच्या आधी. पाच मिनिटांनी परत, "शॅरन कधी येणार हाय?" मी खेकसायची, आत्ता तर सांगितलं. हे म्हणायचे, "न्हाई गं, कुठं सांगितलंस?" एवढ्या साधेपणानं म्हणायचे की माझी खात्री पटायची, मी मनातल्या मनातच सांगितलं असणार. ह्यांचा चष्मा दोन दिवस सापडेना, तो तांदळाच्या डब्यात मिळाला. तांदूळ मी काढते. म्हणजे मीच ठेवला. सकाळी मागच्या दाराची कडी उघडी असायची, आणि झोपताना कडी मी लावते. ओट्याच्या कडेला राखेची बोटं उमटलेली दिसली. न्हाणीतली पाणी तापवायची चूल रोज पहाटे मी साफ करते, राख माझ्याच नखांत असते. जिकडून बघावं तिकडून वाट माझ्यापाशीच येत होती.

ऑक्टोबरात एका दुपारी मला राहवेना. हे पलंगावर बसून नखं काढत होते. मी शेजारी बसले आणि म्हणलं, "अहो, खरं सांगा. मी विसराया लागलीय का?"

ह्यांनी नेलकटर खाली ठेवला आणि माझा हात हातात घेतला. म्हणाले, "विसरलीस तर विसरलीस. मी हाय ना. मी सांगत जाईन तुला."

मी ढसाढसा रडले. हे पाठीवरून हात फिरवत राहिले. मला वाटलं, जगात सगळं गेलं तरी चालेल, हा माणूस माझ्यापासून तोडू नका.

मग मी लपवायला लागले. रेश्मानं मोबाईलमध्ये बघून सांगितलं की टूथपेस्टनं काचेवरचे ओरखडे जातात. तिला मी मोबाईलच्या काचेचं म्हणून विचारलं होतं. अर्धी ट्यूब चोळली. ओरखडे राहिले ते राहिलेच, वर त्यांच्याभोवती पांढुरकी साय आल्यासारखं झालं. नोव्हेंबरातल्या एका रविवारी शॅरनचा कॉल आला, आणि मला दुसरं काही सुचेना म्हणून मी परातच काचेवर ठेवली आणि कणीक मळायला घेतली.

"मम्मी, परात काचेवर कशी काय? उचल ना. आणि काच दाखव."

"हात पिठाचे हायत माझे."

"मग पप्पांना मोबाईल धरायला सांग."

मी मोबाईल कोपरानं उजव्या गोलाकडं वळवला, तो त्यातल्या त्यात बरा होता, आणि लगेच म्हणलं, "आवाज येईना गं तुझा, रेंज जातीया," आणि बंद केला. पोटच्या पोरीशी खोटं बोलले.

हे दारात उभे होते. म्हणाले, "भिऊ नको. इन्स्पेक्शन झालं की सुट्टी."

मला तशातही हसू आलं. ती ह्यांची जुनी गोष्ट. हे लहानपणी मिशनच्या बोर्डिंगात वाढले, चौथीपासून. बोर्डिंगात पोरं पाळीपाळीनं स्वयंपाक करायची आणि दर शनिवारी दुपारी प्रत्येकानं एक भांडं घासून दाखवायचं, राख आणि काथ्या घेऊन. मग सहादेव मास्तर म्हणून वॉर्डन होते, ते पांढरा रुमाल भांड्याच्या बुडावरून फिरवायचे. रुमाल काळा झाला की हात पुढं करायचा आणि छडी खायची. पांढरा राहिला तर मास्तर म्हणायचे, "उद्या पुढच्या बाकावर बस." पुढचा बाक म्हणजे रविवारच्या उपासनेला बाजाच्या पेटीच्या शेजारी. शॅरन लहान होती तेव्हा हे तिला जेवताना ही गोष्ट सांगायचे आणि तिची ताटली रुमालानं पुसून बघायचे. "उद्या पुढच्या बाकावर बस," म्हणलं की ती खिदळायची. त्या आठवणीनं मला जरा बरं वाटलं, आणि मी परात उचलून ठेवली.

नाताळाच्या आधीचा शनिवार आला. शॅरन संध्याकाळी येणार होती, चार दिवस राहायला. मी आदल्या दिवशी करंज्या केल्या होत्या, शंकरपाळे केले होते. काचेचं काय सांगायचं ते पण ठरवलं होतं. म्हणणार होते, खलबत्ता घसरला हातातून. एकदाच काय ती बोलणी खाईन. पण मनातून मला ठाऊक होतं, ती बघेल आणि तिला कळेल. खलबत्त्यानं असे शंभर गोल पडत नाहीत.

दुपारी चर्चवर चांदणी लावायची होती. मी गेले, शिडी लागली, सगळ्या बायका जमल्या, आणि मी म्हणलं, अगं बाई, दोरा. दोऱ्याचं बंडल आणायचं माझ्याकडं होतं आणि मी ते घरी ठेवून आले होते. बायका हसल्या. मला हसू येईना. इथं पण विसरले, असं म्हणत मी परत निघाले.

मागच्या दारानं शिरले. न्हाणीच्या चुलीतली राख उकरलेली होती. आत स्वयंपाकघरातून खरखर आवाज येत होता, आणि मध्येच शेगडीचं बटण टूं टूं वाजत होतं.

हे ओट्याशी उभे होते, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. एका हातात नारळाचा काथ्या, शेजारी पितळीत राख. दोन्ही हातांनी जोर लावून काच घासत होते. अंगातून घाम निथळत होता. घासायचे, पदरानं पुसावं तसं शर्टाच्या टोकानं पुसायचे, वाकून बघायचे, आणि परत राख घ्यायचे. स्वतःशी पुटपुटत होते, "काळं जाईना. काळं जाईनाच."

काच मुळात काळीच होती हो. ती किती घासली असती तरी काळीच राहणार होती.

मी म्हणलं, "अहो."

ह्यांनी मान वळवली. माझ्याकडं बघितलं, आणि त्या डोळ्यांत मी नव्हते. चव्वेचाळीस वर्षं ज्या डोळ्यांत मी होते, त्यात मी नव्हते. दहा वर्षांच्या पोराची भीती होती नुसती.

"बाई, घंटा झाली का?" हे म्हणाले. "मास्तर आले का? माझं भांडं अजून काळंच हाय."

मला कळलं. एका दमात सगळं कळलं. दूध, चष्मा, कडी, राखेची बोटं, पाच-पाच मिनिटांनी तोच प्रश्न. मी शहाणी होते. माझं डोकं ठिकाणावर होतं. तीन महिने मी ज्या गोष्टीसाठी देवाजवळ रडले ती मला मिळाली होती, आणि मला वाटलं, परत घे. माझं घे, ह्यांचं राहू दे.

"न्हाई झाली घंटा," मी म्हणलं. "आणा इकडं तो काथ्या."

तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. शॅरन चार वाजताच आली होती.

मी ह्यांच्या हातातून काथ्या ओढून खिडकीबाहेर टाकला, पितळी सिंकमध्ये लोटली, आणि पदर ओला करून काच पुसायला लागले. पदराखाली राखेतले खडे करकरत होते, नवीन रेघा पडत होत्या, मला कळत होतं आणि तरी मी पुसत होते. ह्यांना म्हणलं, "तुमी बोलू नका काही. गप उभे राहा."

शॅरन बॅग घेऊनच स्वयंपाकघरात आली. हसत आली होती. मग तिची नजर ओट्यावर गेली. ती जवळ आली, वाकली, नखानं एक रेघ चाचपली, आणि सरळ उभी राहिली.

"मम्मी, हे काय आहे?"

"मी केलं." मी एवढ्या पटकन म्हणलं की मध्ये श्वासही घेतला नाही. "राखेनं घासलं. सवय गं जुनी. विसरले मी."

"विसरलीस? चिठ्ठी समोर लावलीय." "हे आजचं नाही, मम्मी. हे किती महिन्यांचं आहे. म्हणजे रविवारी तू मला..." ती थांबली. खुर्ची ओढून बसली आणि कपाळ धरलं. "मावशीचं असंच झालं होतं. मला आता वाट बघायची नाही. नाताळ राहू दे, सोमवारीच तू माझ्याबरोबर पुण्याला चल. डॉक्टर बघतील, मग काय ते ठरवू. पप्पा राहतील आठ-दहा दिवस एकटे. त्यांना जमतं सगळं."

पप्पा राहतील एकटे. मी ह्याचा विचारच केला नव्हता. खरं सांगावं तर ह्यांना नेतील, न सांगावं तर मला नेतील आणि हे ह्या घरात, चुलीशी, उघड्या कडीशी एकटे. दोन्हीकडून कडेलोटच होता. मी नुसती पदर पिळत उभी राहिले, आणि राखेचं काळं पाणी फरशीवर ठिबकत होतं.

"बोल ना मम्मी. मी ओरडत नाहीये तुला," शॅरन म्हणाली. खरं तर ओरडतच होती, आणि रडत पण होती.

तेव्हा हे पुढं आले. माझ्या आणि तिच्या मध्ये येऊन उभे राहिले, पाय जुळवून, ताठ. दुमडलेल्या बाहीचा उजवा हात त्यांनी सरळ पुढं केला, तळवा वर करून. तळव्याला राख लागलेली होती, बोटांची कातडी सोलली होती.

"हिचं काय न्हाई, मास्तर," हे म्हणाले. "भांडं माझं हाय. मला मारा."

शॅरन बघतच राहिली. तिनं माझ्याकडं बघितलं, मी मान खाली घातली. तिनं परत त्यांच्याकडं बघितलं. हात पुढंच होता, ते तो मागं घेत नव्हते. माझी लेक बँकेत साहेबीण आहे, दहा माणसं तिला घाबरतात. तिच्या तोंडावरचा रंग उतरत गेला तो मी बघितला.

मग ती उठली. पर्समधून रुमाल काढला, फिकट निळा होता, आणि ओट्याशी जाऊन त्या ओरखडलेल्या काचेवरून सावकाश एकदा फिरवला. राख लागलेली बाजू आत दुमडून घेतली आणि कोरी बाजू त्यांच्यापुढं धरली.

"स्वच्छ आहे," ती म्हणाली. तिनं आवाज जाड काढला. "उद्या पुढच्या बाकावर बस."

ह्यांचा हात खाली आला. चेहरा असा उजळला की मी तसा तो कित्येक वर्षांत बघितला नव्हता. "पेटीशेजारी?" त्यांनी विचारलं.

"पेटीशेजारी."

हे हात धुवायला मागच्या दारी गेले. नळ सुटल्याचा आवाज आला. आम्ही दोघी तशाच उभ्या होतो, तिच्या हातात तो रुमाल होता.

"कधीपासून, मम्मी?" शॅरननं हळूच विचारलं.

जूनपासून, सप्टेंबरापासून, का त्याच्याही आधीपासून? हा माणूस रोज माझ्यासमोर बसून जेवला, रोज माझ्या शेजारी झोपला, आणि मी त्याच्या डोळ्यांत एकदा नीट बघितलं नाही.

"मला ठाऊक न्हाई गं," मी म्हणलं. "मी इतके दिवस माझ्याकडंच बघत हुते."